यकृताला शिधा लागतो

दिवाळीचा फराळ संपला की ‘डिटॉक्स’चे दिवस सुरू होतात. कुणी तीन दिवस नुसत्या रसावर राहते, कुणी तळपायाला रात्रभर पट्टी चिकटवते, कुणी आतडी धुवून घेते. मार्ग वेगवेगळे असले तरी समजूत एकच: शरीरात विष साचत राहते आणि खाणे थांबवले की ते बाहेर पडते. पचनाला सुट्टी दिली की शरीर सफाईला लागेल, हे ऐकायला पटते, कारण घराची झाडलोट आपण तशीच करतो, बाकीची कामे बाजूला ठेवून. शरीराची सफाई मात्र अशी सवडीने होत नाही. ती अहोरात्र चालते आणि तिला लागणारा शिधा जेवणातूनच येतो.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे टाकतात. पण पाण्यात न विरघळणारे पदार्थ असे सहज बाहेर टाकता येत नाहीत. त्यांची वासलात यकृत लावते. आधी विकरे त्या पदार्थाची रचना बदलतात आणि मग त्याला पाण्यात विरघळणारा रेणू जोडला जातो. अशा रेणूंपैकी ग्लुटाथायोन हा महत्त्वाचा. तो तीन अमिनो आम्लांपासून बनतो आणि त्यांचा पुरवठा डाळी, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांतून होतो. पॅरासिटॅमॉलचे उदाहरण घ्या. या औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो आणि ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. त्यावरचा उतारा असलेले अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध मुख्यतः ग्लुटाथायोनसाठी कच्चा माल पुरवते. कुपोषणात किंवा लांबलेल्या उपासमारीत हा साठा आधीच रोडावलेला असतो. म्हणजे शुद्धीच्या नावाखाली प्रथिने बंद करणे हे सफाई करणाऱ्याचाच शिधा तोडण्यासारखे आहे.

यावर नोबेलचा दाखला दिला जातो. उपासमारीत पेशी स्वतःचेच जीर्ण भाग मोडून पुन्हा वापरते. यीस्टमध्ये या क्रियेचा उलगडा केल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना 2016 मध्ये पारितोषिक मिळाले. ते संशोधन अस्सल आहे, पण ही पेशीतल्या जुन्या मालाची डागडुजी आहे. शिसे किंवा कीटकनाशक शरीराबाहेर टाकणे हे तिचे काम नव्हे. उलट डीडीटीसारखी रसायने चरबीत साठतात आणि चरबी वितळू लागली की रक्तातले त्यांचे प्रमाण वाढते. यासाठी वजन कमी करू नये असे मुळीच नाही, मात्र त्याला विषमुक्ती म्हणता येणार नाही. ‘पण आम्हाला हलके वाटते’ हा अनुभवही खोटा नाही. साठवणीतल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. ते निघून गेल्याने काटा झटकन खाली येतो आणि नेहमीचे जेवण सुरू होताच पुन्हा वर जातो. दारू, साखर, तळण बंद झाल्याने बरे वाटत असेल, तर ते श्रेय त्या पथ्याचे आहे, आणि ते पथ्य रोज जेवूनही पाळता येते.

खऱ्या विषबाधेवर खरे उपचार आहेत. शिशाची बाधा रक्ताच्या तपासणीत दिसते. शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत आणि उपचारानंतर ते किती उतरले, हेही मोजता येते. डिटॉक्सच्या उपायांनाही हीच कसोटी लावावी: विषाचे नाव काय आणि ते आधी किती होते, नंतर किती राहिले? बाजारातल्या डिटॉक्स आहारांचा 2015 मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांची माणसांवर काटेकोर तुलनात्मक चाचणी झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही’ हेही खरे नाही. 2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. दुधीतल्या कडवटपणामागे कुकरबिटॅसिन ही विषारी द्रव्ये असतात. रस कडू लागला तर तो फेकून द्यावा, असा सल्ला त्या समितीने दिला.

ही टीका एकादशीवर, रोजावर किंवा पर्युषणातल्या उपवासावर नाही. निरोगी माणसाने श्रद्धेने आणि संयमासाठी धरलेल्या उपवासाला विषाच्या भीतीचा आधार लागत नाही. पंचकर्म वैद्याच्या देखरेखीखाली करायचे असते, पण त्याने विष उतरते असा दावा केला, तर त्यालाही वरचीच कसोटी लागू होते. यकृताची काळजी असेल, तर त्याला खरोखर पोखरणाऱ्या गोष्टींकडे पाहावे: दारू, वाढत्या वजनाबरोबर यकृतात साचणारी चरबी, हिपॅटायटिस बी आणि सी. बी टाळणारी लस आहे, सी बरा करणाऱ्या गोळ्या आहेत. महागड्या रसाच्या बाटलीऐवजी ही लस आणि रोजच्या ताटातले वरण यकृताच्या खरोखर उपयोगी पडेल.