घड्याळाशी झुंज

बुद्धिबळ म्हटले की, हनुवटीला हात लावून तासन्‌तास पटाकडे पाहत बसलेली दोन माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात. आमच्या गावच्या ओट्यावर तर सायंकाळी मांडलेला डाव पुष्कळदा दुसऱ्या दिवसावर जाई. परंतु याच खेळाच्या एका प्रकारात उसंत म्हणून नाही. तो प्रकार म्हणजे 'ब्लिट्झ', अर्थात अतिजलद बुद्धिबळ.

यात पटाशेजारी एक जोडघड्याळ असते. प्रत्येक खेळाडूस संपूर्ण डावासाठी बहुधा ३ मिनिटे मिळतात व प्रत्येक चालीमागे २ सेकंदांची भर पडते. ४० चालींचा डाव धरून हिशेब करा: एका चालीस सरासरी साडेसहा सेकंद! ज्या हाताने मोहरे हलवावे, त्याच हाताने घड्याळाची कळ दाबावी. तत्क्षणी आपली वेळ थांबते आणि प्रतिपक्षाची धावू लागते. वेळ सरली की, पटावर आपली बाजू कितीही भक्कम असो, डाव बहुधा हातचा जातोच.

इतक्या अल्पावधीत विचार तरी कसा होतो? तुम्ही वाचताना एकेक अक्षर जुळवीत बसत नाही. शब्द पाहताच ओळखता. हजारो डाव अभ्यासलेल्या खेळाडूला मोहऱ्यांची मांडणी अशीच एका दृष्टिक्षेपात ओळखू येते.

२८ डिसेंबर २०१९ रोजी मॉस्को येथे महिलांच्या जागतिक जलद स्पर्धेत १२ फेऱ्यांअंती तिघींचे गुण समान झाले. पहिल्या दोघींचा, म्हणजे भारताच्या कोनेरू हंपी व चीनच्या लेई तिंगजी यांचा निवाडा ब्लिट्झ डावांनी व्हावयाचा होता. हंपी तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या. मातृत्वामुळे सुमारे दोन वर्षे पटापासून दूर राहून त्या नुकत्याच परतल्या होत्या. लेई त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान.

पहिला डाव हंपींनी गमावला, तोही वेळ संपल्यामुळे! आता दुसऱ्या डावात बरोबरी म्हणजेही पराभवच होता. सावध खेळून भागणार नव्हते. तो डाव म्हणजे एक जुगारच होता, असे हंपींनी मागाहून सांगितले. पण तो त्यांनी जिंकला.

उरला निर्णायक डाव. त्यात पांढऱ्या मोहऱ्यांस वेळ अधिक असतो. उलट, बरोबरी झाल्यास काळी बाजू विजयी ठरते. काळी मोहरी हंपींकडे होती. डाव बरोबरीत सुटला आणि जगज्जेतेपद त्यांच्याकडे आले. २०२४ साली न्यूयॉर्क येथे तेच पद त्यांनी पुन्हा मिळविले.