गुप्त अंकाची राखण

बँकेत पैसे जमा होण्यासाठी आपला गुप्त अंक सांगावा लागतो, असा समज पुष्कळ शेतकऱ्यांत आढळतो. तो चुकीचा आहे. यूपीआय पद्धतीत रक्कम देताना पिन घालावा लागतो; घेताना लागत नाही. म्हणून कांद्याच्या पट्टीची रक्कम अथवा अनुदान जमा करतो असे सांगून कोणी पिन वा ओटीपी मागितल्यास तो ठक समजावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-डी अन्वये अशा तोतयास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फसगत झाल्यास संकोच न करता त्वरित १९३० या क्रमांकावर व बँकेस कळवावे. वेळीच कळविल्यास रक्कम अडविता येण्याचा संभव असतो. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हे चावडीवर समजावून सांगावे.