औंध संस्थानचे विधिमंडळ (इ. स. १९३९-१९४८) व त्याची कागदपत्रे

एखादी सनद किंवा महजर दृष्टीस पडला की संग्राहकांस आनंद होतो, परंतु इ. स. १९४० च्या सुमाराची ग्रामपंचायतीची ठराववही हाती आली, तर ती रद्दीत टाकण्यास आपण कचरत नाही. आम्ही राहतो त्या कामोठे गावी (तालुका पनवेल) सातारा-सांगलीकडील पुष्कळ कुटुंबे येऊन स्थायिक झाली आहेत. त्यांच्या वडिलोपार्जित दप्तरांत असा कागद निघणे असंभाव्य नाही. त्यांतील काही गावे पूर्वी औंध संस्थानात होती, आणि तेथील पंचायतीचा कागद म्हणजे एका अल्पायुषी विधिमंडळाचे मूळ साधन होय. ते कसे, हे येथे सांगण्याचे योजिले आहे.

औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे इ. स. १९०९ मध्ये गादीवर आले. राज्य अवघे ५०१ चौरस मैलांचे, तेही विखुरलेले: औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापुराकडील गुणदाळ. नोव्हेंबर १९३८ मध्ये आपल्या वाढदिवशी राजेसाहेबांनी प्रजेस पूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन, राजपुत्र आप्पासाहेब आणि सेवाग्रामी महात्मा गांधी यांच्या विचारविनिमयातून घटना सिद्ध झाली, व २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली.

या घटनेचे वैशिष्ट्य असे की, तिचा पाया राजधानीत नसून गावात होता. गावकऱ्यांनी पंचायत निवडावी, पंचायतींच्या प्रमुखांची तालुकासभा व्हावी, आणि तालुकासभांनी राज्याच्या विधिमंडळात सभासद धाडावेत. लहानसहान तंटेही पंचायतीपुढेच तुटत. मतदारास लिहितावाचता आले पाहिजे, ही अट गांधीजींच्या आग्रहाची. आमचे आयुष्य मुलांना अक्षरे गिरवून घेण्यात गेले, तरीही ही अट आम्हांस पुरतेपणी पटत नाही. निरक्षर कुणब्यास आपले हित कळत नाही, असे थोडेच आहे? तथापि या अटीमुळेच मतदारयादी हा त्या गावच्या साक्षरतेचाही पुरावा ठरतो.

पलीकडे मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला, आणि एप्रिल १९४६ पर्यंत तेथे गव्हर्नराचा अंमल होता. त्याच काळात औंधात लोकनियुक्त सभा चालू होती. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र असलेले कुंडल औंधच्याच हद्दीतले, हेही येथे ध्यानात ठेवावे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हिंदुस्थान डोमिनियन झाला व ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपले. पुढे दक्षिणेतील लहान संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. ८ मार्च १९४८ रोजी औंधही गेले. विधिमंडळास नऊ वर्षे व सुमारे दीड महिना एवढेच आयुष्य लाभले.

येथे एक शास्त्रीय शंका उपस्थित होते. राजाराम छत्रपतींच्या काळी निर्माण झालेल्या प्रतिनिधिपदावरून या घराण्यास पंतप्रतिनिधी हे नाव मिळाले. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे. व्रीही न मिळाल्यास त्यांच्या जागी नीवार चालतात. परंतु स्वामीस, म्हणजे यजमानास, प्रतिनिधी नाही. १९३९ च्या घटनेने स्वामित्व प्रजेकडे दिले, असे मानावे, तर विलीनीकरणाचा करार मात्र डोमिनियनचा गव्हर्नर-जनरल आणि राजे या दोघांतच झाला. विधिमंडळ त्यात पक्षकार नव्हते. राज्य मोठ्या लोकशाहीत मिळाले हे इष्टच झाले, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण ज्याने दान केले होते, त्याच्याच सहीने ती वस्तू पुन्हा दिली गेली, हे नाकारता येत नाही. गावोगावच्या पंचायतींनी या घटनेचा विचार केला की नाही, केल्यास काय ठरविले, हे करारावरून कळणार नाही. ते कळलेच तर १९४७-४८ च्या ठराववह्यांवरून कळेल.

या वह्यांचा शोध घेताना आजची सरहद्द विसरावी. औंध सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आली, आणि गुणदाळ १९५६ मध्ये विजापूर जिल्ह्याबरोबर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तिकडील कागद कानडीत असण्याचा संभव असल्याने, त्या लिपीच्या जाणकारास बरोबर घेऊनच जावे.