अंगणातील झाड आणि भिंतीची चीर

वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या परिसरात काळी माती आढळते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराच्या भिंतीला तिरपी चीर गेली की दोष अंगणातील कडुनिंबाला दिला जातो आणि कुऱ्हाड मागविली जाते. हा निवाडा घाईचा होय. मूळ सहसा पाया फोडीत नाही. ते पायाखालची ओल शोषते, माती आकसते व पाया खचतो. उलट, मोठे झाड एकाएकी तोडल्यास तीच माती ओल धरून फुगते आणि नवी चीर पडू शकते. पिंपळाची गोष्ट निराळी. भिंतीत रुजलेले त्याचे रोप कोवळेपणीच अलगद काढून मोकळ्या जागी लावावे.

खरा बंदोबस्त पाण्याचा हवा. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी 1000 लिटर पाणी उतरते. जिवाणी जपून विहिरीत परत सोडणाऱ्या घरांतही ते पायाशीच साचू दिले जाते, हे विसंगत खरेच! पन्हळीचे पाणी उताराने झाडापलीकडील शोषखड्ड्यात न्यावे. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, म्हणून खड्डा मुरमापर्यंत खणावा. उन्हाळ्यातील आळेही घराच्या विरुद्ध बाजूस, फांद्यांच्या घेराखाली करावे; ओल मिळेल तिकडेच मुळे अधिक फुटतात.