रंगभूषा आणि वेडावणं

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या हॉस्टेलमध्ये अभ्यास सोडून सगळं चालू असतं. सेकंड इयरला आम्ही थिबा राजावर एकांकिका बसवली. मेकअप माझ्याकडे होता. मी काय केलं, तर राजा झालेल्या मित्राच्या डोळ्यांचे कोपरे चिकटपट्टीने ताणले आणि चेहऱ्याला पिवळा रंग फासला. तालमीत सगळे पोट धरून हसले. आमचा मिझोरामचा रूम पार्टनर मात्र हसला नाही. एवढंच म्हणाला, "राजा दाखवतोयस, की माझे डोळे?"

रात्री झोप लागेना. रंग तर सगळेच लावतात, मग माझं चुकलं कुठे?

नेहमीच्या रंगभूषेचं काम साधं आहे. स्टेजच्या प्रखर उजेडात चेहरा सपाट आणि फिका दिसतो. म्हणून बेस लावायचा, भुवया-ओठ ठळक करायचे, म्हणजे शेवटच्या रांगेलाही हावभाव दिसतात. पुढची पायरी पात्राची. केस पांढरे केले, कपाळावर सुरकुत्या काढल्या की विशीतला पोरगा आजोबा होतो. आपल्या शिमग्यातला संकासुरही काळा असतो, पण तो पुराणातला असुर. कुठल्या जिवंत समाजाची ती नक्कल नव्हे.

तिसरा प्रकार वेगळा. त्यात एका माणसाचा नाही, अख्ख्या वंशाचा चेहरा सोंग म्हणून चढवतात. १९व्या शतकात अमेरिकेत गोरे नट जळक्या बुचाची काजळी फासून, ओठ जाड रंगवून काळ्या गुलामांची टिंगल करणारे खेळ करायचे. लोक तिकीट काढून हसायचे, आणि ज्यांच्यावर हसायचे त्यांना साधे माणसाचे हक्कही नव्हते. ब्रिटनमध्ये बीबीसीवर तसा एक कार्यक्रम १९७८ पर्यंत चालला होता!

"पण माझा हेतू वाईट नव्हता," असं मीही म्हणालो. नसेलही. पण ज्याला रस्त्यात येता-जाता 'चिनी' अशी हाक ऐकावी लागते, त्याला तोच विनोद पुन्हा स्टेजवर दिसतो. पट्टी काढली की माझा नट मोकळा. पार्टनरला मात्र तोच चेहरा घेऊन बाजारात जायचंय.

आणि थिबा तरी परका कुठे? १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येचे वंशज इथल्याच मातीत रुजले. म्हणजे तो चेहरा आपल्या गावचाच की!

शेवटी पट्टी काढली, पिवळा रंग धुतला. साधा बेस, रेशमी वस्त्र, डोक्याला गुंडाळलेलं कापड, आणि समुद्राकडे बघत उभा असलेला हरलेला राजा. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. लाइट पार्टनरनेच सांभाळले.

तेव्हा मित्रांनो, रंगाची डबी उघडताना एकच विचार करा. हा चेहरा ज्याचा आहे तो पहिल्या रांगेत बसला असता, तर मी हाच रंग लावला असता का?