लॅपटॉप चार्ज होत नाही? आधी विजेची वाट तपासा



महिनाअखेर आली की ग्रामसंघाच्या कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "लॅपटॉप चालूच होईना, मेला वाटतं." नेमकं तेव्हाच कर्ज प्रस्ताव द्यायचा असतो, परतफेडीची यादी काढायची असते. मग कुणाचा तरी मुलगा किंवा पुतण्या लॅपटॉप तालुक्याला घेऊन जातो. तिकडून निरोप येतो, "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या." हे खरं की खोटं हे पारखायला आपल्याकडे काहीच नसतं. आणि जाणारा पैसा असतो सगळ्या गटांचा.

जुना लॅपटॉप बंद पडायची कारणं अनेक आहेत. पण त्यातलं एक अगदी नेहमीचं कारण म्हणजे वीज आतपर्यंत पोचतच नाही. मशीन चांगलं असतं, वाट तुटलेली असते. ती कुठे तुटली हे तुम्हाला घरी, तासाभरात शोधता येतं. या अंकात तेच सांगते.

विजेची वाट कशी असते?

गावात नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच नवी विहीर खोदत नाही. टाकी भरली का, व्हॉल्व्ह उघडला का, पाइप कुठे फुटला, असं एकेक बघत जातो. इथंही तसंच करायचं. वीज या क्रमानं येते:

भिंतीवरचा बोर्ड, मग जाड वायर, मग अ‍ॅडॉप्टर (म्हणजे काळी वीट), मग बारीक वायर, तिच्या टोकाची गोल पिन, लॅपटॉपच्या कडेचं भोक म्हणजे जॅक, तिथून मदरबोर्ड आणि शेवटी बॅटरी.

बोर्डात २३० व्होल्टची वीज असते. अ‍ॅडॉप्टर ती उतरवून बहुतेक लॅपटॉपसाठी १९ ते २० व्होल्टवर आणतो. म्हणून एक नियम पक्का लक्षात ठेवा. अ‍ॅडॉप्टरच्या अलीकडे, म्हणजे बोर्डाच्या बाजूला, उघडी वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही. आणि अ‍ॅडॉप्टर कधीही फोडून बघायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत काही वेळ झटका देण्याइतकी वीज साठलेली राहू शकते.

हलवून हलवून चालवणं आधी थांबवा

बऱ्याच ठिकाणी मी बघते, पिन एका विशिष्ट कोनात धरली की चार्जिंगचा दिवा लागतो. मग वायरीखाली वही सरकवतात, कुणी वायर रबर बँडने बांधतं, आणि काम चालू राहतं. हेच सगळ्यात महागात पडतं.

कारण बघा. साधारण ६५ वॉटचा अ‍ॅडॉप्टर १९.५ व्होल्टला ३.३४ अँपिअर प्रवाह देतो. एवढा प्रवाह घट्ट जोडातून आरामात जातो. जोड सैल असला की तो अगदी बारीक टेकलेल्या जागेतून जातो, तिथे ठिणगी पडते, जागा तापते. जॅकभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होतं, जळका वास येतो. आधी फक्त जॅक खराब असतो, पुढे त्याच्यामागची मदरबोर्डवरची तांब्याची रेघ जळते. शेकड्यांतलं काम हजारांत जातं ते असं. म्हणून दिवा लुकलुकायला लागला त्याच दिवशी तपासणी करा, आणि लॅपटॉप चालू आहे तोवर सगळे लेखे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

पाच तपासण्या, क्रमाने

१. बोर्ड. त्याच सॉकेटमध्ये दुसरं काही लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये असेल तर तो काढून अ‍ॅडॉप्टर थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावा. सैल एक्स्टेन्शन बोर्डामुळेच अर्ध्या तक्रारी होतात असं वाटावं, इतके ते ढिले झालेले असतात.

२. जाड वायर. ही अ‍ॅडॉप्टरमधून निघते. तीन गोल भोकांची ही वायर बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपला सारखीच असते. शेजारच्या शाळेतली किंवा ओळखीतली एक आणून बदलून बघा. दोष इथेच निघाला तर सगळ्यात स्वस्तात सुटलात.

३. अ‍ॅडॉप्टर. बऱ्याच अ‍ॅडॉप्टरवर छोटा दिवा असतो. बोर्डात लावल्यावर तो लागतो का बघा. आता पिन लॅपटॉपला जोडा. जोडल्याबरोबर दिवा विझला आणि काढल्यावर पुन्हा लागला, तर लॅपटॉपच्या बाजूला शॉर्ट आहे आणि अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवतोय. अशा वेळी पुन्हा पुन्हा जोडू नका, थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.

४. बारीक वायर. ही दोन ठिकाणी तुटते, अ‍ॅडॉप्टरमधून बाहेर येते तिथे आणि पिनेच्या मानेजवळ. कारण गुंडाळताना आपण तिथेच आवळतो. वरचं रबर धड दिसतं, आतली तार तुटलेली असते. वरून टेप गुंडाळून आतली तार जुळत नाही, हे लक्षात ठेवा.

५. बॅटरी. जुन्या लॅपटॉपची बॅटरी खालच्या बाजूने खटका सरकवून निघते. लॅपटॉप बंद करा, अ‍ॅडॉप्टर काढा, बॅटरी काढा. चालू करायचं बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरा. मग बॅटरी न बसवता फक्त अ‍ॅडॉप्टर जोडून चालू करा. चालू झाला आणि पिन हलवूनही बंद पडला नाही, तर वाट ठीक आहे, बॅटरी दमली आहे. चालू झालाच नाही, तर दोष अ‍ॅडॉप्टर, जॅक किंवा त्याच्या पुढे आहे.

बॅटरी फुगलेली दिसली, खालचं झाकण वर उचललेलं वाटलं, तर तिथेच थांबा. ती दाबायची नाही, टोचायची नाही, पुन्हा चार्जही करायची नाही. लिथियम बॅटरी पेट घेते. ती घरच्या कचऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. विकणाऱ्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

मल्टिमीटर असेल तर

वायरमन वापरतात तो छोटा मीटर साध्या दुकानात मिळतो. प्रभागसंघात एक असला तरी सगळ्या गावांना पुरतो.

काळी वायर 'कॉम' लिहिलेल्या भोकात आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात घाला. बटण डीसी व्होल्टच्या २०० वर फिरवा. डीसीची खूण म्हणजे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. अ‍ॅडॉप्टर बोर्डात लावा, पिन मोकळी ठेवा. लाल टोक पिनेच्या आतल्या बाजूला आणि काळं टोक बाहेरच्या धातूला टेकवा. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

अ‍ॅडॉप्टरच्या चिठ्ठीवर आउटपुटपुढे जेवढे व्होल्ट लिहिलेत, साधारण तेवढाच आकडा दिसायला हवा. आता दुसऱ्या बाईला बारीक वायर हळूच हलवायला सांगा. आकडा उड्या मारायला लागला तर वायर तुटलेली आहे. आकडा स्थिर राहिला तर अ‍ॅडॉप्टर बहुधा निर्दोष आहे, पुढे जॅक बघायचा.

एक सावधगिरी सांगते. डेल आणि एचपीच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपच्या जाड पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज देण्यासाठी नसते. अ‍ॅडॉप्टर कोणता आहे, ही ओळख ती लॅपटॉपला देते. मीटरचं टोक तिला लागू देऊ नका. जमत नसेल तर हे मोजमाप दुकानदाराकडून आपल्यासमोर करून घ्या. ही सुई वाकली किंवा तुटली की काही लॅपटॉप चालू होतात पण चार्ज होत नाहीत. बाई म्हणते बॅटरी गेली, आणि बिघाड असतो सुईत.

अ‍ॅडॉप्टर घ्यायचा झाला तर

जुन्याची चिठ्ठी वाचा. तीन गोष्टी जुळायला हव्यात. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. आणि पिन त्याच मापाची हवी. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब आणि अँपिअर म्हणजे किती पाणी देण्याची ताकद. मोठी टाकी लावली म्हणून नळ जास्त पाणी ओढत नाही. पण दाब वाढवला तर नळ फुटतो. दुकानात जाताना जुना अ‍ॅडॉप्टर सोबत न्या, नुसतं कंपनीचं नाव सांगून घेऊ नका.

जॅकचा दोष कसा ओळखायचा?

लॅपटॉप बंद करून, पिन काढून मोबाइलच्या टॉर्चने भोकात बघा. मधला दांडा वाकडा आहे का, गंज आहे का, आत धाग्यांचा गोळा बसलाय का? लाकडी टूथपिकने धूळ हळूच काढा, सुई किंवा पिन घालू नका. मग चांगला अ‍ॅडॉप्टर जोडून एकदाच तपासा. बारीक वायर हलवली तर दिवा स्थिर, आणि फक्त जॅकजवळ पिन हलली की दिवा जातो, असं असेल तर दोष जॅकचा.

जॅक दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात जॅकला छोटी वायर असते आणि ती मदरबोर्डवर प्लगसारखी बसते. हा बदलायला फक्त स्क्रू ड्रायव्हर लागतो. दुसऱ्या प्रकारात जॅक थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. भांड्याला डाख लावतात तशी ही जोडणी. वारंवार पिन हलली की या डाखेला चीर पडते. हे काम सोल्डरिंग शिकलेल्या माणसाचंच आहे, घरी करायचं नाही.

वायरवाला जॅक बदलायचा असेल तर असं करा:

• लॅपटॉप पूर्ण बंद, अ‍ॅडॉप्टर काढलेला, बॅटरी बाहेर. सुती चादरीवर बसा. आधी लोखंडी कपाटाला हात लावा म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल.
• कागदावर लॅपटॉपची चौकट काढा आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, चुकीचा लांब स्क्रू आतून भोक पाडतो.
• झाकण जोराने उचकटू नका. उघडत नसेल तर एखादा स्क्रू राहिला आहे. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा.
• बॅटरी आत बसवलेली असेल तर सगळ्यात आधी तिचा प्लग सोडवा.
• जॅकची वायर कुठून कशी गेली ते बघा. सोडवताना प्लग धरून ओढा, वायर धरून नाही.
• जुना जॅक दुकानात दाखवूनच नवा घ्या. भोकाचं माप, वायरींची संख्या आणि प्लग तिन्ही जुळायला हवं. लॅपटॉपच्या पोटावरचा मॉडेल नंबरही लिहून न्या.

झाकण काढून जॅक दिसलाच नाही, कीबोर्ड आणि मदरबोर्डही उचलावा लागणार असं वाटलं, तर झाकण लावा आणि दुकानात न्या. तिथे थांबण्यात काही कमीपणा नाही.

दुकानात गेल्यावर काय बोलायचं?

"चालत नाही, बघा जरा" असं म्हणू नका. असं म्हणा, "बोर्ड आणि वायर तपासली. अ‍ॅडॉप्टर साडेएकोणीस व्होल्ट देतोय. बॅटरी काढूनही चालू होत नाही. पिन हलवली की दिवा जातो. जॅक बघा." एवढं ऐकल्यावर समोरच्याचं बोलणं बदलतं. आणि दुसऱ्या गोष्टीत त्याचा वेळही जात नाही.

मदरबोर्ड गेला असं सांगितलं तर कशावरून, ते दाखवायला सांगा. खर्च आधी लिहून घ्या. काढलेला जुना भाग परत मागा. बिल ग्रामसंघाच्या नावाने घ्या, म्हणजे ठरावाला आणि ऑडिटला जोडता येईल.

आणखी एक, पैशापेक्षा मोठी गोष्ट. आपल्या लॅपटॉपमध्ये शेकडो बायांच्या आधार कार्डांच्या प्रती, बँक खात्यांचे नंबर आणि फोटो असतात. ते विश्वासाने दिलेले आहेत. लॅपटॉप सुरू होत असेल तर देण्याआधी पेन ड्राइव्हवर प्रत घ्या आणि या फाइल्स त्यातून काढा. सुरू होत नसेल तर हार्ड डिस्क आपल्यासमोर काढून मागा आणि कार्यालयाच्या कपाटात ठेवा. जॅक बदलायला तिची गरज पडत नाही. पासवर्ड कागदावर लिहून दुकानात सोडून येऊ नका.

पुन्हा बिघडू नये म्हणून

पिन सरळ आत घाला, सरळ बाहेर काढा. वायर धरून ओढू नका. चार्जिंगला लावून लॅपटॉप मांडीवर घेऊन फिरू नका. वायर अ‍ॅडॉप्टरभोवती आवळून गुंडाळण्याऐवजी सैल वेटोळं करा. वायर पायात येणार नाही अशी बोर्डाजवळची जागा ठरवा. वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा.

पुढच्या मासिक बैठकीत पाच मिनिटं यासाठी ठेवा. लॅपटॉप मध्ये ठेवून विजेची वाट सगळ्यांनी बोटाने दाखवायची, अ‍ॅडॉप्टरची चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि व्होल्ट, अँपिअर, मॉडेल नंबर ठराव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचे. लेखापाल ताईंसोबत आणखी एका ताईला हे यायला हवं, म्हणजे एक माहेरी गेली तरी काम अडणार नाही. मीटर घ्यायचा असेल तर प्रभागसंघाच्या बैठकीत विषय मांडा, वापरायचा कसा ते मी येऊन दाखवेन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक