भजनाची पेटी घेताना

गावात भजनी मंडळ असते. टाळ असतात, मृदंग असतो. मग कोणी म्हणतो, "पेटी पाहिजे." दर घरची वर्गणी निघते. चार जण शहरात जातात आणि चकचकीत पेटी घेऊन येतात.

दोन वर्षे बरी जातात. मग वाजवणारा मुलगा नोकरीला बाहेरगावी जातो, किंवा मंडळाला आणखी चांगली पेटी हवीशी वाटते. जुनी विकायला काढली, तर गिऱ्हाईक मिळत नाही. घरोघरचा पैसा असा अडकून पडतो.

म्हणून पेटी घेतानाच एक प्रश्न विचारावा : उद्या ही विकायची झाली, तर कोणी घेईल का?

खरी किंमत कोणती?

दुकानात मोजले तेवढे पैसे म्हणजे पेटीची खरी किंमत नव्हे. आपण हिशेब करून पाहू.

समजा, एक पेटी १८,००० रुपयांना घेतली. पाच वर्षांत दुरुस्तीला १,००० गेले. मग ती १२,००० ला विकली. म्हणजे खरा खर्च ७,००० रुपये.

समजा, दुसरी पेटी ८,००० ला घेतली. दुरुस्तीला ३,००० गेले. विकताना आले फक्त २,०००. खरा खर्च ९,००० रुपये.

मग स्वस्त कोणती पडली? पहिली. शिवाय पाच वर्षे भजन सुरात झाले, ते वेगळेच.

पेटी वाजते कशी?

पेटीच्या पोटात पितळेच्या लहान पट्ट्या असतात. त्यांवर पितळेचीच बारीक जीभ बसवलेली असते. तिला सूर किंवा रीड म्हणतात. भात्याने वारा भरला आणि बोटाने पट्टी दाबली, की वारा त्या जिभेजवळून जातो. जीभ थरथरते आणि आवाज निघतो.

म्हणजे पेटीचा जीव तीन ठिकाणी आहे : सूर, भाता आणि लाकूड. बाहेरची झिलई ही नुसती शोभा. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.

साधी पेटी विकायला सोपी

पायाने भाता चालवायची पायपेटी पूर्वी नाटकमंडळ्यांत असे. आज तिला गिऱ्हाईक थोडे. भजनाला हातपेटीच बरी.

हातपेटीत सुरांच्या एक, दोन किंवा तीन ओळी असतात. जाड आवाजाचा खर्ज, मधला नर आणि बारीक आवाजाची मादी. एका ओळीची पेटी टाळ-मृदंगाच्या आवाजात बुडून जाते. तीन ओळींची महाग पडते आणि तिला वारा जास्त लागतो. नव्या मंडळाला दोन ओळींची पेटी पुरते. अशीच पेटी शिकणाऱ्यांनाही लागते, म्हणून तिला मागणी राहते.

काही पेट्यांत सगळ्या पट्ट्या एकदम सरकवून स्वर बदलण्याची सोय असते. तिला स्केलचेंजर म्हणतात. सोय चांगली आहे, पण किंमत वाढते आणि यंत्रही वाढते. पावसाळ्यात लाकूड फुगले की ते अडते. गावाकडे ते दुरुस्त करणारा सहज मिळत नाही. पहिल्या पेटीला ते नको.

लाकूड मुरलेले सागवानी असावे. सूर ४४० ला मिळवलेले आहेत ना, हे विचारावे. म्हणजे पांढरी सहा दाबली, की जीभ सेकंदाला ४४० वेळा थरथरते. आज बहुतेक वाद्ये याच मापाने मिळवतात. दुसऱ्या वाद्यांशी न जुळणारी पेटी कोण घेणार?

दुकानात काय पाहावे?

वाजवणारा माणूस बरोबर न्यावा. मग अशी पारख करावी :

१. समोरचे सगळे स्टॉपर आत ढकला आणि भाता मारा. थोड्या वेळात भाता जड झाला पाहिजे. तो सैलच राहिला, तर वारा कुठेतरी गळतो आहे.

२. आता स्टॉपर ओढा, पण पट्टी दाबू नका. भाता मारल्यावर आवाज आला, तर एखादी पट्टी नीट बसत नाही.

३. डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी हळू दाबा. काळ्याही सोडू नका. प्रत्येक पट्टी बोलली पाहिजे आणि बोट उचलताच वर आली पाहिजे.

४. दोन्ही ओळी एकत्र वाजवा. आवाज लाटेसारखा हेलकावे खात असेल, तर सूर आपसांत मिळालेले नाहीत. मोबाईलमधल्या तानपुऱ्याशीही सूर ताडून पाहा.

५. झाकण उघडायला सांगा. सूर मिळवताना जीभ कानशीने घासतात. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. फार वेळा घासलेली जीभ पातळ होते आणि शेवटी तुटते. म्हणून जुन्या पेटीत घासल्याच्या खुणा जरूर पाहाव्या.

या कसोट्यांना उतरली, तर जुनी पेटी घ्यायला भिऊ नये. चांगल्या कारागिराची जुनी पेटी हलक्या नव्या पेटीपेक्षा बरी. घेताना पावती मात्र घ्यावी. कारागिराचे नाव पेटीवर असेल, तर ते खरवडू देऊ नये. पुढचे गिऱ्हाईक आधी तेच पाहते.

घरी आणल्यावर

ओल्या भिंतीला पेटी टेकवू नये. पावसाळ्यात ती जमिनीवर ठेवू नये. आतले कातडे आणि बनात उंदीर कुरतडतात, म्हणून ती खोक्यात बंद ठेवावी. पट्टी अडली तर तेल घालू नये. तेलावर धूळ बसते आणि अडचण वाढते. जाणत्या माणसाला दाखवावे.

आणखी एक. मंडळाचे नाव पेटीच्या लाकडावर रंगवू नका. ते खोक्यावर लिहा. नाव रंगवलेली पेटी दुसऱ्या मंडळाला नकोशी वाटते.

पावती मंडळाच्या वहीत चिकटवून ठेवा. दुरुस्तीचा खर्च तारखेसह तिथेच लिहा. आता आपल्याला लिहिता येते ना? मग विकायच्या दिवशी ती वही गिऱ्हाइकापुढे ठेवा. पेटी कशी सांभाळली, हे त्याला स्वतः वाचता येईल. वर्गणी देणाऱ्या घरांनाही आपला पैसा कुठे गेला, ते कळेल.